शोकांतिकेतलं रूपक: कोण कोणाला बोलतंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्रीक आणि शेक्सपिअरच्या शोकांतिकांमधली माणसं ऐन संकटातही उपमा-रूपकांतून का बोलतात? अलंकार ओळखता येतो, त्याचं नावही सांगता येतं, पण तो त्या जागी का आला याला ‘भावना तीव्र होण्यासाठी’ यापलीकडे उत्तर सुचत नाही.

हे उत्तर परीक्षेत गुण देऊन जातं, तालमीत मात्र त्याचा काडीचा उपयोग होत नाही. ‘तीव्र हो’ असं सांगितलं की नट आवाज चढवतो, एवढंच. त्याला करण्यासारखी कृती लागते. समोरच्याला गप्प करायचंय, फितवायचंय, लाजवायचंय, की त्याच्या डोळ्यांत धूळ फेकायचीय? इतकी वर्षं या संहिता बसवताना आणि शिकवताना माझी खात्री झाली आहे की शोकांतिकेतलं रूपक ही आधी कृती असते, वर्णन त्यानंतर. ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात म्हटलं आहे की रूपकावरची हुकमत दुसऱ्याकडून शिकता येत नाही, ती प्रतिभेची खूण आहे. तो बोलतोय कवीबद्दल. नाटकात कवी पडद्यामागे असतो आणि ते रूपक एखादं पात्र दुसऱ्या पात्रावर वापरत असतं. म्हणून मी दोन गोष्टी पाहतो. वाक्य बोललं जाताना ते ऐकायला कोण कोण हजर आहे, आणि ऐकणाऱ्याने ते रूपक उचललं, टाळलं की उलटवलं.

सगळ्यात धडधडीत उदाहरण एस्किलसच्या ‘अ‍ॅगमेम्नॉन’मध्ये आहे. हे नाटक ‘ओरेस्तेइया’ या त्रयीतलं पहिलं, इसवी सनपूर्व 458 मधलं. ट्रॉय जिंकून राजा दहा वर्षांनी घरी आलाय. राणी क्लायटेमनेस्ट्रा दारात उभी आहे आणि त्याला मारायचं हे तिचं ठरलेलं आहे. स्वागताचं भाषण ती सुरू करते, पण कोणाला उद्देशून? नवऱ्याला नाही. ‘नागरिकहो’ म्हणत ती आर्गोसच्या वृद्धांकडे वळते. नवरा रथात बसून ऐकतोय आणि त्याच्याबद्दल तिसऱ्याच माणसांना सांगितलं जातंय. हे एकदा ध्यानात आलं की पुढच्या उपमांचा रंगच बदलतो.

ती म्हणते, अफवा येत होत्या तेवढे घाव याला खरंच झाले असते, तर याच्या अंगाला जाळ्यापेक्षा जास्त भोकं पडली असती. वृद्धांना ही विरहिणीची अतिशयोक्ती वाटते. तिच्या डोळ्यांसमोर मात्र जाळं आणि घाव आधीच एकत्र आलेले आहेत. मग स्तुतीची सरबत्ती: हा गोठ्याचा राखणदार कुत्रा, जहाज तारून नेणारा दोर, छताचा खांब, बापाचा एकुलता एक मुलगा, आशा सोडलेल्या खलाशांना दिसलेली जमीन, वादळानंतरचा स्वच्छ दिवस, तहानलेल्या वाटसरूला सापडलेला झरा. एकामागून एक सात! वर्गात मुलं इथे ‘मालोपमा’, म्हणजे एकाच गोष्टीला दिलेल्या उपमांची माळ, असं लिहून मोकळी होतात. पण अ‍ॅगमेम्नॉन काय म्हणतो ते पाहा: माझी गैरहजेरी जितकी लांबली तितकंच तुझं भाषणही लांबलं. थोडं चिडून, थोडं सावधपणे तो सांगतो की परक्या देशातल्या राजासारखं माझ्यापुढे लोटांगण नको. म्हणजे अतिरेक त्याच्याही लक्षात आलाय. स्तुती वाजवीपेक्षा जास्त झाली की ऐकणारा हेतू शोधू लागतो, हे त्या प्रेक्षकांनाही ठाऊक होतं.

पण त्या स्तुतीने आपलं काम केलेलं आहे. एवढ्या लोकांसमोर एवढा मान दिल्यावर तो नाकारणारा माणूस उद्धट ठरतो. जांभळ्या रंगात रंगवलेली उंची वस्त्रं जमिनीवर अंथरली जातात आणि ती म्हणते, यावरून चालत ये. तो कचरतो, कारण असा मान देवांचा. यानंतर एकेका ओळीची चकमक आहे, आणि तिथे तिने उपमा पूर्ण बंद केल्या आहेत. ट्रॉयचा राजा प्रायम जिंकला असता तर त्याने काय केलं असतं? लोकांच्या बोलण्याला भितोस? ज्याचा कोणी हेवा करत नाही त्याचं कौतुकही कोणी करत नाही. हरणंही विजेत्याला शोभतं. जिथे कोंडी करायची तिथे आखूड, सरळ, टोकदार वाक्यं. तो चपला काढतो आणि त्या वस्त्रांवर पाय ठेवतो. त्या क्षणी उपमा परततात: ‘समुद्र आहे, तो कोण आटवणार?’ अर्थ असा की जांभळा रंग समुद्रातून येतो, तो संपायचा नाही, चाल बिनधास्त. नवऱ्याला ती श्रीमंती ऐकू येते. पायाखालचा लाल-जांभळा पट्टा समोर दिसत असल्यामुळे प्रेक्षकाला ऐकू येतं रक्त. एकच वाक्य, दोन ऐकणारे, दोन अर्थ, आणि दोन्ही तिला हवे असलेले.

खून झाल्यावर ती प्रेतांपाशी उभी राहून स्वतःच कबूल करते: आधी मी प्रसंगाला साजेसं पुष्कळ बोलले, आता त्याच्या उलट बोलायला मला लाज वाटत नाही. मग सांगते की मासे पकडायच्या जाळ्यासारखं, कुठूनच सुटता न येणारं एक वस्त्र त्याच्यावर टाकलं. पहिल्या भाषणातलं जाळं उपमेतून बाहेर पडून वस्तू झालं. आणि अंगावर उडालेल्या रक्ताबद्दल ती म्हणते, कणसं धरताना पावसाच्या थेंबांनी पीक सुखावतं तशी मी सुखावले. त्या वाक्याने ती कोणालाच फसवत नाहीये. ती वृद्धांना आव्हान देतेय. एका बाईच्या तोंडी दोन प्रकारच्या उपमा आहेत, पहिल्या झाकणाऱ्या, दुसऱ्या उघड्या करणाऱ्या. दोन्ही भाषणं एकाच सुरात म्हणणारी नटी मला कधी पटलेली नाही.

शास्त्राची आठवण इथेच करून टाकतो. भाषेचा तत्त्वज्ञ ग्राइस याने 1975 मध्ये छापलेल्या निबंधात मांडलं की बोलणारा संवादाचा एखादा संकेत उघडपणे मोडतो तेव्हा ऐकणारा न बोललेला अर्थ काढतो. ब्राउन आणि गिलमन या संशोधकांनी 1989 मध्ये शेक्सपिअरच्या चार मोठ्या शोकांतिका सभ्यतेच्या सिद्धांतावर, म्हणजे बोलताना समोरच्याचा मान कसा राखला जातो यावर, तपासल्या. दोन्ही वाचण्यासारखं आहे. पण आपल्याकडे अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या संस्कृत ग्रंथात व्यंजनेला, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाला, कारण ठरणाऱ्या गोष्टींची यादी दिली आहे. त्यात वक्ता आहे, बोद्धव्य म्हणजे ज्याला उद्देशून बोललं जातं तो आहे, काकू म्हणजे आवाजाचा हेल आहे, प्रसंग, देश आणि काळ आहे, आणि ‘अन्यसन्निधी’ही आहे, म्हणजे तिसऱ्या माणसाची हजेरी. क्लायटेमनेस्ट्राचा प्रवेश समजायला यातल्या शेवटच्या शब्दाइतकं धारदार हत्यार मला दुसरं मिळालेलं नाही. अलंकारांची नावं पाठ करणारे विद्यार्थी ही यादी मात्र वगळून पुढे जातात, हे जरा गमतीचंच आहे.

आता रूपक उचलण्याबद्दल. सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’त राजा क्रेऑन सुरुवातीला राज्याला जहाज म्हणतो. देवांनी ते वादळातून सावरलं, आता सुकाणू आपल्या हाती, असा त्याचा थाट. पुढे भावाला मूठमाती देऊ नये हा त्याचा हुकूम मोडणारी अँटिगनी वाकत नाही म्हटल्यावर तो म्हणतो: अति कडक तापवलेलं लोखंडच आधी तडकतं, मस्तवाल घोड्याला छोटासा लगामही पुरतो. हे तो तिच्या तोंडावर, पण वृद्धांकडे वळून बोलतो. तिला तो उत्तरालाही लायक समजत नाही.

थोड्या वेळाने क्रेऑनचा मुलगा हेमॉन येतो. त्याला बापाला सांगायचंय की तुमचं चुकतंय. मुलाने राजाला, तेही सभेत, हे सरळ सांगणं अशक्य. म्हणून तो झाडांबद्दल बोलतो: पुराच्या पाण्यापुढे वाकणारी झाडं फांद्या वाचवतात, अडणारी मुळासकट जातात. मग शिडाचा दोर ताणून धरणाऱ्या खलाशाचं जहाज उलटतं, असं म्हणतो. क्रेऑनचाच युक्तिवाद आणि क्रेऑनचंच जहाज त्याने उचललं आणि कोणाचं नाव न घेता बापापुढे ठेवलं. बापाला हवं असतं तर सन्मानाने माघार घेता आली असती, कारण आरोप झाडावर आहे, राजावर नाही. नाव न घेण्यात नम्रता आहे, आणि डावपेचही. क्रेऑन ती सवलत झिडकारतो: या वयात आम्ही या पोराकडून शहाणपण शिकायचं? त्याने रूपक ऐकलंच नाही, फक्त बोलणाऱ्याचं वय ऐकलं. माझ्या मते त्याचा ऱ्हास तिथे सुरू होतो. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसिअस येतो तेव्हा हाच खेळ तिखट होतो. क्रेऑन म्हणतो, तिरंदाजांनी निशाण साधावं तसे तुम्ही सगळे माझ्यावर बाण सोडताय. म्हातारा आपलं भाकीत सांगून टाकतो आणि जाता जाता म्हणतो, हे घे, तिरंदाजासारखे हे बाण मी तुझ्या काळजावर सोडले, यांची आग तुला चुकवता येणार नाही. तक्रारीसाठी वापरलेलं रूपक शापाच्या रूपात परत आलं.

शेक्सपिअरला हे तंत्र चांगलंच अवगत होतं. ‘किंग लिअर’च्या पहिल्याच प्रवेशात राजा आपल्याला अडवणाऱ्या केंट या सरदाराला धमकावतो: धनुष्य ओढलेलं आहे, बाणाच्या वाटेतून बाजूला हो. रूपकातल्या धमकीत पळवाट असते. अजून काही घडलेलं नाही, फक्त धनुष्य ताणलंय. केंट ती पळवाट वापरत नाही. तो म्हणतो, सुटू दे बाण, त्याचं टोक माझ्या काळजात घुसलं तरी चालेल. आणि लगेच राजाला एकेरीवर येऊन ‘म्हाताऱ्या, तू हे काय करतोयस’ असं विचारतो. लिअर ओरडतो, माझ्या नजरेसमोरून चालता हो. केंट म्हणतो, अधिक नीट पाहा, लिअर. राजाचा शब्द उचलून राजालाच परत. हा प्रवेश बसवताना केंटने शब्द ‘झेलला’ हे दिसलं पाहिजे. लिअर बोलून संपेपर्यंत केंट नुसता आपल्या वाक्याची वाट पाहत उभा राहिला, की सगळं वाया गेलं.

उचललेलं रूपक नेहमी शत्रुत्वाचंच असतं असं नाही. ‘मॅक्बेथ’मध्ये राजा डंकन म्हणतो, मी तुला रोवलंय, तू भरभरून वाढशील याची काळजी घेईन. हे तो आपला सेनापती मॅक्बेथ याला म्हणतो आणि लगेच दुसऱ्या सेनापतीला, बँकोला, मिठी मारायला वळतो. बँको म्हणतो, तिथे मी वाढलो तर पीक तुमचंच. दुसऱ्यासाठी पेरलेल्या रूपकाचं पीक बँकोने अदबीने राजाच्या पदरात टाकलं. दरबारी शिष्टाचाराचा हा अस्सल नमुना आहे. मॅक्बेथला उत्तराची जागा राजा देतच नाही, आणि तो शेजारी उभा राहून हे ऐकतोय. ही अडीच-तीन ओळींची गोष्ट प्रयोगात बहुतेक वेळा घाईत उरकली जाते.

याच नाटकात पुढे मॅक्बेथ डंकनचा खून करतो. तो खून उघडकीला येण्याचा प्रवेश प्रत्येक विद्यार्थ्याने ओळीओळीने वाचावा असं मला वाटतं. डंकनचा मुलगा डोनलबेन धावत येतो आणि विचारतो, काय झालं? मॅक्बेथ उत्तर देतो: तुमच्या रक्ताचा झरा, उगम, मूळ स्रोत आटला आहे, थांबला आहे. ज्या मुलाचा बाप मेलाय त्याला झरा आणि उगम! मॅकडफ हा सरदार मध्येच बोलतो: तुमच्या वडिलांचा खून झालाय. एका ओळीत. मॅकडफ साधा माणूस म्हणून साधं बोलतो, असं समजू नका. थोड्याच वेळापूर्वी त्यानेही प्रेताला देवाचं फोडलेलं मंदिर म्हटलंय, पाहणाऱ्याचे डोळे जातील असं म्हटलंय. पण तो आक्रोश होता. मुलाने विचारलेल्या सरळ प्रश्नाला मात्र तो सरळ उत्तर देतो. कुठे रूपक थांबवायचं हे त्याला कळतं, मॅक्बेथला त्या घटकेला कळत नाही.

पुढे तर मॅक्बेथ वाहवतच जातो. डंकनच्या पहारेकऱ्यांना आपण मारून टाकलं असं तो सांगतो, तेव्हा मॅकडफ विचारतो, का मारलंत? अगदी छोटा, अगदी अडचणीचा प्रश्न. उत्तरात चित्रावर चित्र येतं: डंकनची चंदेरी कांती, तिच्यावर सोनेरी रक्ताची वेलबुट्टी, जखमा म्हणजे विनाशाला आत शिरायला निसर्गाच्या तटाला पाडलेली भगदाडं, आणि खंजिरांच्या पात्यांनी घातलेल्या रक्ताच्या विजारी. या शेवटच्या प्रतिमेवरून टीकाकारांनी बराच वाद घातला आहे, ती विचित्र आहे म्हणून. मला ती विचित्र आहे म्हणूनच योग्य वाटते. विचारलं होतं ‘का’, आणि मिळतंय नक्षीकाम. खरं कारण सांगता येत नाही म्हणून रूपकांची भिंत उभी राहतेय आणि ती भिंतच संशय निर्माण करतेय. नेमक्या त्याच क्षणी लेडी मॅक्बेथला भोवळ येते. ती खरी की नाटकी, हे दिग्दर्शकाने ठरवावं. पण सगळ्यांच्या नजरा नवऱ्यावरून हटतात हे खरं. डंकनचे दोन्ही मुलगे या वेळी बाजूला कुजबुजतायत, आणि माल्कमचा निष्कर्ष असा की न वाटलेलं दुःख दाखवणं खोट्या माणसाला सोपं जातं. मॅक्बेथचं भाषण ‘सुंदर’ म्हणायचा मोह नटाने आवरावा. त्याला ते भाषण थांबवता येत नाहीये, हे दिसायला हवं.

झाकण्यासाठी वापरलेल्या भाषेचा दुसरा प्रकार म्हणजे सौम्योक्ती, म्हणजे कठोर गोष्टीला दिलेलं मऊ नाव, आणि इथे मी फार रेंगाळत नाही. लेडी मॅक्बेथ ‘खून’ म्हणत नाही, येणाऱ्या पाहुण्याची ‘व्यवस्था’ करायला हवी म्हणते, आजच्या रात्रीचं ‘मोठं काम’ म्हणते. ‘ज्युलिअस सीझर’मधला ब्रूटस कटवाल्यांना सांगतो की आपण खाटीक नको, यज्ञ करणारे होऊ या, सीझरला देवांच्या ताटात वाढण्यासारखा कापू या. ती फसवणूक कोणाची? ऐकणाऱ्यांची कमी, स्वतःची जास्त. ‘अ‍ॅगमेम्नॉन’च्या सुरुवातीचा पहारेकरी म्हणतो, माझ्या जिभेवर मोठा बैल उभा आहे, हे घर बोलू शकलं असतं तर सगळं सांगितलं असतं, जाणणाऱ्यांसाठी मी बोलतो, बाकीच्यांसाठी विसरलो. काहीही न सांगता त्याने या घरात काहीतरी कुजतंय हे सांगून टाकलं, आणि उद्या कोणी विचारलं तर तो काही बोललेलाच नाही.

इयागोबद्दल थोडं लिहिलंच पाहिजे, कारण ‘ऑथेल्लो’ त्याच्यावरच उभं आहे. सेनापती ऑथेल्लोच्या हाताखालचा हा माणूस त्याच्या मनात त्याची बायको डेस्डिमोना आणि दुसरा अधिकारी कॅसिओ यांच्याबद्दल संशय पेरतो. माणूस बदलला की याचं रूपक बदलतं. मध्यरात्री डेस्डिमोनाच्या बापाला, ब्रॅबँशिओला, उठवताना तो त्याच्या मुलीबद्दल काळ्या मेंढ्याची आणि पांढऱ्या मेंढीची भाषा वापरतो, कारण बापाला विचार करू द्यायचा नाहीये, किळस आणायचीय. नोकरी गेलेल्या कॅसिओला तो सांगतो की नावलौकिक हे पोकळ थोतांड आहे. ऑथेल्लोला सांगतो की पैशाची थैली चोरणारा कचरा चोरतो, नाव चोरणारा मला खरोखर कंगाल करतो. वाचकाला हे दुसरं वाक्य सुभाषित म्हणून आवडतं. ते त्याला ऑथेल्लोच्या मनात फास टाकायला हवं आहे, एवढंच.

मला यातलं सगळ्यात भयानक वाटतं ते वेगळंच. तिसऱ्या अंकात इयागो, डेस्डिमोना आणि कॅसिओबद्दल बोलताना, बोकड आणि माकडांची उपमा देतो. चौथ्या अंकात व्हेनिसहून आलेल्या पाहुण्याचं सायप्रसमध्ये स्वागत करता करता ऑथेल्लो मध्येच ओरडतो, ‘बोकड आणि माकडं!’ त्या पाहुण्याला काही संदर्भ लागणं शक्य नाही. प्रेक्षकाला कळतं की ऑथेल्लोच्या डोक्यात आता इयागोची चित्रं आहेत. हेमॉनने बापाचं रूपक उचललं ते जाणूनबुजून. इथे रूपक न कळत शिरलंय. पुढच्या प्रसंगांत डेस्डिमोना म्हणते की तुमच्या शब्दांतला संताप कळतो, शब्द कळत नाहीत. अर्थातच, ते शब्द त्याचे नाहीतच.

आणि रूपक नाकारलं जातं तेव्हा? ‘मॅक्बेथ’च्या चौथ्या अंकात मॅक्बेथने आपली बायको-मुलं मारवल्याची बातमी मॅकडफला मिळते. माल्कम चांगल्या हेतूने म्हणतो, सूडाचं औषध करू या आणि या जीवघेण्या दुःखावर ते घेऊ या. मॅकडफ उत्तर देतो: त्याला मुलं नाहीत. ‘तो’ म्हणजे मॅक्बेथ की समोर उभा असलेला हा तरुण माल्कम, यावर मतभेद आहेत. दोन्ही अर्थांत औषधाचं रूपक जमिनीवर पडतं. मग तो पुन्हा पुन्हा विचारतो, सगळी? सगळी म्हणालास ना? त्याच्या तोंडून घारीने उचललेल्या कोंबडीचं आणि पिल्लांचं चित्रही निघतं, पण ते कोणाला पटवण्यासाठी निघालेलं नाही. काही वेळाने माल्कम दुसरं रूपक पुढे करतो, या दुःखावर तलवारीला धार लाव. ते मॅकडफ हळूहळू घेतो. पहिलं का नाकारलं आणि दुसरं का घेतलं? औषध दुःख संपवायला सांगतं, धार ते दुःख वापरायला सांगते. नटाने या दोन प्रतिसादांमधलं अंतर मोजून ठेवावं.

तुमच्या प्रश्नात एक न बोललेली शंका आहे असं मला वाटतं: प्रत्येक रूपकामागे पात्राचा हेतू शोधायचा का? नाही. काही प्रतिमा नाटककाराच्या असतात, पात्राच्या नसतात. समीक्षक कॅरोलाइन स्पर्जनने 1935 च्या पुस्तकात शेक्सपिअरच्या प्रतिमांची मोजदाद केली आणि ‘मॅक्बेथ’मधल्या अंगाला न बसणाऱ्या कपड्यांकडे लक्ष वेधलं. असे धागे संपूर्ण नाटकभर फिरतात आणि ते प्रेक्षकासाठी असतात. ब्रूटसने ‘खाटीक नको’ म्हटलं तेव्हा सीझरचा मित्र अँटनी तिथे नव्हता, तरी सीझरच्या प्रेताशी एकटा असताना तो मारेकऱ्यांना खाटीकच म्हणतो. हा टोला अँटनीचा नाही, शेक्सपिअरचा आहे, आणि नटाने तो मुद्दाम मारायला जाऊ नये.

पण इथेही आधी हजेरीपट तपासावा. ‘मॅक्बेथ’च्या पाचव्या अंकात अँगस हा सरदार म्हणतो की मॅक्बेथच्या अंगावर राजेपद असं लोंबतंय जसा बुटक्या चोराच्या अंगावर राक्षसाचा झगा. हे उदाहरण निव्वळ नाटककाराच्या नक्षीचं म्हणून नेहमी दिलं जातं. पहिल्या अंकात मॅक्बेथला नवी पदवी मिळाल्याची बातमी येते तेव्हा तो विचारतो, मला उसने कपडे का घालताय? ती बातमी घेऊन आलेल्या दोघांपैकी एक रॉस आहे, दुसरा अँगस. आणि मॅक्बेथच्या त्या प्रश्नाला उत्तर देतो तो अँगसच. लहान भूमिका म्हणून अँगसच्या नटाला कोणी काही सांगत नाही. त्याला पहिल्या अंकातली ती ओळ नीट ऐकायला सांगा, पाचव्या अंकातलं वाक्य तो वेगळं म्हणेल.